आचार्य धर्मानंद कोसंबी : उपासकांचे शिक्षक

आपल्या निवासी शाळेत दररोज सकाळी मुले त्रिशरण आणि पंचशील म्हणतात. रोह्याच्या आसपासच्या वाड्यांवरून आलेले पाचवीतील मूल पंधरा दिवसांत पालीचे उच्चार स्पष्ट करू लागते, तेव्हा आम्हा शिक्षकांना त्याचे फारसे नवल वाटत नाही. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने नवल करावे अशीच ही गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात पाली जाणणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजावी इतकी थोडी होती. ज्या भूमीत अजिंठा, वेरूळ, कार्ले, कान्हेरी आणि आपल्या रायगड जिल्ह्यातील कुडा, गांधारपाले येथील लेणी कोरली गेली, त्या भूमीत तथागतांची वचने मूळ भाषेत वाचू शकणारा मनुष्य शोधून सापडत नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी ज्यांनी घरदार सोडून सिंहल आणि ब्रह्मदेश गाठला आणि परत येऊन जे शिकले ते मराठीत ओतले, त्या आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी यांचे चरित्र या स्मरणिकेत असावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते. आपल्या समाजात त्यांचे नाव ठाऊक आहे, त्यांची 'भगवान बुद्ध' आणि 'बुद्धलीलासारसंग्रह' ही पुस्तके अनेक घरांत आहेत. पण ती लिहिणाऱ्याने काय सोसले हे फार थोड्यांना माहीत असते.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. घराणे गौड सारस्वत ब्राह्मणांचे, मिळकत नारळीच्या बागायतीची, राज्य पोर्तुगीजांचे. शिक्षणाची सोय म्हणावी तशी नव्हती. जे काही झाले ते थोडेसे मराठी शिक्षण, आणि तेही प्रकृतीच्या कुरबुरीमुळे खंडित. इंग्रजी शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. तत्कालीन रीतीप्रमाणे लहान वयात लग्न झाले, बागायतीची देखरेख अंगावर आली, आणि एखाद्या कोकणी गृहस्थाचे आयुष्य जसे पुढे सरकते तसे सरकू लागले. परंतु वाचनाचा नाद होता. 'बालबोध मेवा' नावाच्या मुलांच्या मासिकातील बुद्धांविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्या लेखाने या तरुणाचे चित्त पकडले ते कायमचे. पुढे ज्ञानकोश वाटावा असा पंडित झालेल्या माणसाची सुरुवात लहान मुलांच्या मासिकापासून झाली, ही गोष्ट शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्गणी मागताना मी पालकांना हमखास सांगतो.

१८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. पत्नी बाळाबाई आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी माणिक मागे राहिल्या. या प्रसंगाचे उदात्तीकरण करण्याचा मोह चरित्रकारांना होतो. मला तो टाळावासा वाटतो. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे अनुकरण करणाऱ्या पुरुषांच्या मागे जी यशोधरा राहते तिच्या वाट्याला कष्टच येतात, आणि बाळाबाईंच्या वाट्याला ते आले. जवळजवळ सात वर्षे पतीचे दर्शन नाही, उत्पन्न नाही, लोकांची बोलणी मात्र आहेत. धर्मानंदांच्या ज्ञानाचा हिशेब मांडताना या खात्यातील रक्कमही धरली पाहिजे.

घरातून निघून ते प्रथम पुण्यास आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली, प्रार्थना समाजाच्या मंडळींचा आश्रय मिळाला. बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा तर आधी संस्कृत पाहिजे, म्हणून ग्वाल्हेरमार्गे काशी गाठली. तेथे अन्नछत्रात एक वेळ जेवावे, थंडीत अपुऱ्या पांघरुणात कुडकुडावे आणि शास्त्र्यांकडे व्याकरण घोकावे, असा क्रम सुमारे दोन वर्षे चालला. १९०२ च्या आरंभी, नेपाळात बौद्ध धर्म जिवंत आहे असे ऐकून, ते पायी काठमांडूला पोहोचले. तेथे जे दिसले त्याने त्यांची घोर निराशा झाली. ज्या बुद्धाच्या शोधात ते आले होते तो कर्मकांडाच्या ढिगाऱ्याखाली दडपला गेला होता. परत फिरून ते बुद्धगयेला आले. तेथे एका भिक्षूने त्यांना सांगितले की खरा अभ्यास करावयाचा असेल तर सिंहलद्वीपास जा. खिशात पैसा नाही, अंगावर धड वस्त्र नाही; तरी कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या साहाय्याने ते कोलंबोस पोहोचले.

आता वाचकांनी त्या काळाच्या आशिया खंडाकडे क्षणभर नजर टाकावी, म्हणजे धर्मानंद कोठे जाऊन पोहोचले होते हे ध्यानात येईल. जपानमध्ये १८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर शासनाने शिंतो धर्माला उचलून धरले आणि बौद्ध विहारांवर मोठी आपत्ती कोसळली. कित्येक विहार मोडले गेले, मूर्ती नष्ट झाल्या. त्या आघातातून सावरताना तेथील पंथांनी ओळखले की केवळ अंत्यसंस्कार करणारा भिक्षू आणि दान देणारा उपासक एवढ्यावर धर्म तगणार नाही. त्यांनी आपली तरुण माणसे युरोपात पाठविली; नांज्यो बुन्यू हे ऑक्सफर्डला मॅक्समुल्लरच्या हाताखाली संस्कृत शिकून परतले. क्योटोमध्ये पंथांच्या जुन्या पाठशाळांची आधुनिक विद्यापीठे झाली. रियुकोकू आणि ओतानी ही त्यांपैकी दोन. गृहस्थांसाठी मासिके, मुलांसाठी रविवारच्या शाळा, स्त्रियांसाठी मंडळे निघाली. सिंहलद्वीपातही याच सुमारास तोच प्रयत्न चालू होता. १८७३ मध्ये हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी कोलंबोत विद्योदय परिवेण स्थापन केले होते, १८८० मध्ये आलेल्या कर्नल ऑलकॉट यांनी तेथील बौद्धांना मिशनरी शाळांच्या तोडीस तोड शाळा काढण्यास प्रवृत्त केले होते, आणि प्रश्नोत्तरांच्या रूपात बौद्ध धर्म सांगणारी त्यांची छोटी पुस्तिका घरोघरी गेली होती. मिशनऱ्यांनी जे शस्त्र आणले तेच बौद्धांनी हाती घेतले असे म्हणता येईल. या सर्व ठिकाणी उपासक आधीच होते. पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध असलेली कुटुंबे होती, विहार होते, दाते होते. प्रश्न फक्त त्यांना शिकविण्याचा होता.

महाराष्ट्रात यातले काहीच नव्हते. कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी १८९८ मध्ये मराठीत बुद्धचरित्र लिहिले होते, आणि तेच पुस्तक पुढे १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती पडले, हे आपण सारे जाणतोच. पण त्यापलीकडे विहार नाही, भिक्षू नाही, ग्रंथ नाहीत, आणि स्वतःस बौद्ध म्हणविणारा समाजही नाही. अशा प्रदेशातील एक मनुष्य विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपुढे जाऊन उभा राहिला.

१९०२ मध्ये धर्मानंदांनी तेथे श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीच्या अध्ययनास आरंभ केला. सिंहली लिपी शिकले, सूत्रे वाचू लागले. परंतु तिथले हवापाणी आणि आहार त्यांना मानवेना, आणि वर्षभरातच त्यांना मद्रासला यावे लागले. हा मद्रासचा मुक्काम आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तेथे त्या वेळी दलित समाजातील पंडित अयोतीदास यांनी १८९८ मध्ये उभी केलेली शाक्य बौद्ध चळवळ चालू होती, आणि प्राध्यापक लक्ष्मी नरसू, सिंगारवेलू यांच्यासारखे विवेकवादी विद्वान बौद्ध विचारांचा अभ्यास करीत होते. नरसू आणि सिंगारवेलू यांचा धर्मानंदांशी परिचय झाला. याच नरसूंचा बौद्ध धर्माच्या सारावरील इंग्रजी ग्रंथ पुढे १९४८ मध्ये बाबासाहेबांनी स्वतःची प्रस्तावना लिहून पुन्हा छापविला. माणसे एकमेकांना भेटली नाहीत तरी विचार अशा वाटांनी एकमेकांस भेटत असतात.

मद्रासहून ते ब्रह्मदेशात गेले. तेथे १९०४ मध्ये त्यांची भिक्षू म्हणून उपसंपदा झाली. ब्रह्मी लिपी शिकून त्यांनी विनय आणि ध्यानमार्ग यांचा अभ्यास केला. मधल्या काळात सारनाथ, कुशिनारा, लुंबिनी या स्थळांची यात्राही झाली. ज्या मनुष्याला शाळेत दोन भाषाही नीट शिकायला मिळाल्या नव्हत्या तो आता संस्कृत, पाली, सिंहली आणि ब्रह्मी ग्रंथ वाचू शकत होता. हवे असते तर त्यांनी ब्रह्मदेशातील एखाद्या विहारात सन्मानाने आयुष्य काढले असते. परंतु त्यांच्या मनात सतत एकच विचार होता: जे मिळाले ते आपल्या लोकांना आपल्या भाषेत द्यावयाचे आहे.

यासाठी १९०६ मध्ये कलकत्त्यास असताना त्यांनी चीवर उतरविले. भिक्षुपद सोडणे म्हणजे अधःपतन, अशी समजूत आपल्यातही काही जणांची असते. धर्मानंदांनी हिशेब वेगळा मांडला होता. ज्या प्रदेशात भिक्षूला भिक्षा घालण्याची रीत जाणणारा उपासकच नाही, तेथे भिक्षुनियम पाळून शिकविण्याचे काम होणार नाही. तेव्हा उपासक होऊन उपासकांना शिकवावे. कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात आणि पुढे विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. याच सुमारास ते गोव्यास जाऊन कुटुंबाला भेटले आणि त्यानंतर संसाराची जबाबदारी पुन्हा अंगावर घेतली. १९०७ मध्ये मुलगा दामोदर जन्मला. गणितात आणि प्राचीन भारताच्या इतिहासात स्वतंत्र वाट पाडणारे दामोदर धर्मानंद कोसंबी ते हेच.

कलकत्त्यातील नोकरी चांगली होती, पगार वाढत होता. तेथे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची गाठ पडली. महाराजांनी देऊ केले ते असे: महाराष्ट्रात कोठेही राहावे, दरमहा ५० रुपये बडोदे सरकारकडून घ्यावेत आणि मोबदल्यात ग्रंथ लिहून द्यावेत. धर्मानंदांनी कलकत्त्याचा पगार सोडला आणि १९०८ मध्ये पुण्यास बिऱ्हाड केले. ज्या राजाने पुढे १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठविले, त्याच राजाने पाच वर्षे आधी पाली जाणणाऱ्या या फकिराला महाराष्ट्रात आणून बसविले. आधुनिक महाराष्ट्रातील बौद्ध विद्येच्या इतिहासात सयाजीरावांचे स्थान यापेक्षा ठळक अक्षरांत लिहिले जावयास हवे होते.

१९१० मध्ये बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने पुस्तकरूपात आली. आज ती वाचताना प्रथम जाणवतो तो त्यांचा साधेपणा. संस्कृतप्रचुर भाषेचा सोस नाही, भक्तीचा उमाळा नाही. जे मूळ सूत्रात आहे ते सरळ सांगितले आहे. त्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचलेल्या 'विसुद्धिमग्ग' या महाग्रंथाचे संपादन हेन्री क्लार्क वॉरन यांनी आरंभले होते, परंतु १८९९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने काम अर्धे राहिले होते. ते पुरे करण्यास पाली ग्रंथांत मुरलेला माणूस हवा होता. धर्मानंद गेले. प्राध्यापक लॅनमन यांच्याशी संपादनाच्या श्रेयावरून मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते काम अर्धवट टाकून परतले. त्यासाठी त्यांना पुढे आणखी तीनदा समुद्र ओलांडावा लागला: १९१८, १९२६ आणि १९३१ मध्ये. गोऱ्या प्राध्यापकाला ज्ञान हवे होते, मात्र मुखपृष्ठावर नाव देताना हात आखडत होता. आपल्या वाचकांना हा अनुभव परका वाटू नये.

पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ ते १९१८ अशी सहा वर्षे ते पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले त्यामागे भांडारकरांचे वजन आणि धर्मानंदांची चिकाटी होती. या सहा वर्षांत तयार झालेले विद्यार्थी पाहिले म्हणजे एक शिक्षक काय करू शकतो ते कळते. पु. वि. बापट हे त्यांचेच शिष्य. १९५६ साली २५०० व्या बुद्धजयंतीनिमित्त भारत सरकारने प्रसिद्ध केलेल्या बौद्ध धर्माच्या इतिहासग्रंथाचे ते संपादक. देवनागरी लिपीत पाली ग्रंथ आणण्यासाठी झटणारे ना. के. भागवत हेही त्यांच्याच परंपरेतले. देवनागरीत ग्रंथ छापणे ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट आहे. पण तोपर्यंत पाली वाचू इच्छिणाऱ्या मराठी माणसाला आधी सिंहली, ब्रह्मी किंवा रोमन लिपी शिकावी लागे. लिपीचा हा उंबरठा काढून टाकला नसता तर आपल्या शाळेतल्या पाचवीच्या मुलापर्यंत पाली आली असती का, याचा विचार करावा.

पालकसभेत एक प्रश्न जवळजवळ दर वर्षी निघतो: पाली शिकून पोटाला काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. वीटभट्टीवर किंवा कारखान्यात राबून मुलाला वसतिगृहात ठेवणाऱ्या आईबापांनी तो विचारलाच पाहिजे. पालीने नोकरी मिळेल असे खोटे उत्तर मी देत नाही. मी त्यांना कुडा लेण्यांतील शिलालेखांची आठवण देतो. राजपुरीच्या खाडीकाठी असलेल्या त्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत महाभोजांच्या घराण्यातील मंडळी आहेत, तसाच वैद्य सोमदेव आहे, कऱ्हाडहून आलेला लोखंडाचा व्यापारी आहे, माळी आहे, स्त्रिया आहेत. सोमदेवाने तर आपल्या मुलामुलींचीही नावे दगडावर घातली आहेत. हे सारे आपापला धंदा करणारे गृहस्थ होते आणि आपल्या धर्माची भाषा त्यांना परकी नव्हती. त्यांच्यामागून जे गेले ते नुसते शिल्प नव्हे. सामान्य माणसाला स्वतःचा धर्म स्वतः वाचून पारखता येण्याची शक्ती गेली. ज्याला आपला ग्रंथ वाचता येत नाही, त्याला दुसरा सांगेल तो अर्थ मुकाट्याने घ्यावा लागतो. मनुस्मृतीच्या छायेत शतकानुशतके राहिलेल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

धर्मानंदांच्या मराठी पुस्तकांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांत एक अभ्यासक्रम दिसतो. १९१४ चा 'बुद्धलीलासारसंग्रह' हा सर्वसामान्य वाचकासाठी: जातकांतील बोधिसत्त्वाच्या कथा, तथागतांचे चरित्र आणि उपदेश एकाच ग्रंथात. 'जातककथा' मुलांसाठी आणि गोष्ट ऐकणाऱ्या आजीसाठी. 'लघुपाठ' नवशिक्यासाठी. १९२५ चा 'समाधिमार्ग' ध्यान करू इच्छिणाऱ्यासाठी. 'विसुद्धिमग्गा'सारख्या प्रचंड ग्रंथातील सार त्यात सोपे करून दिले आहे. १९२६ चा 'बौद्धसंघाचा परिचय' भिक्षुसंघाचे नियम आणि त्यांमागची कारणे सांगतो. ज्या काळी शिकणारा वर्गच भरलेला नव्हता त्या काळी या मनुष्याने पहिलीपासून वरच्या इयत्तेपर्यंतची पुस्तके लिहून ठेवली. जपान आणि सिंहलद्वीपात जे काम संस्था, पंथ आणि धनिक यांनी मिळून केले त्याचा पाया महाराष्ट्रात एका माणसाने बडोद्याच्या ५० रुपयांवर घातला. याच काळात, १९२४ मध्ये, त्यांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मराठीतील प्रामाणिक आत्मचरित्रांत मी त्याची गणना पहिल्या दहांत करीन. आपली फजिती, भूक, चिडचिड काहीही त्यांनी लपविलेले नाही.

१९२२ पासून काही वर्षे ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात होते. १९२९ मध्ये सोव्हिएत रशियातील लेनिनग्राड येथे बौद्ध विद्येच्या संस्थेत त्यांनी काम केले. समाजवादाचे आकर्षण त्यांना अमेरिकेतच निर्माण झाले होते. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला भाग घेऊन त्यांनी कारावासही पत्करला. १९३५ च्या 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' या ग्रंथात त्यांनी वैदिक परंपरेची जी परखड चिकित्सा केली तिने अनेक सनातनी दुखावले. त्याच ग्रंथात त्यांनी बौद्ध संघालाही सोडले नाही. राजांची दाने आणि विहारांच्या जमिनी यांवर विसंबलेला संघ लोकांपासून तुटला आणि म्हणून दुबळा झाला, हे त्यांचे निदान आजही आपल्या संस्थाचालकांनी भिंतीवर लावावे असे आहे. आपली शाळा वर्गणीवर आणि धान्याच्या मुठीवर उभी राहिली याचा अभिमान बाळगणाऱ्यांना ते पटेल.

पुस्तकांनंतर पुढची पायरी जागेची होती. मुंबईत डॉ. आनंदराव नायर यांनी १९२२ मध्ये बुद्ध सोसायटी आणि पुढे आपल्या रुग्णालयाच्या आवारात आनंद विहार उभारला होता. पण धर्मानंदांना गिरणी कामगारांच्या वस्तीत विहार हवा होता. १९३७ मध्ये परळ येथे बिर्लांच्या देणगीतून तो उभा राहिला आणि त्यांनी त्याला नाव दिले बहुजन विहार. बहुजनांच्या हितासाठी, बहुजनांच्या सुखासाठी चारिका करा, या तथागतांच्या आदेशातला तो शब्द. साठ वर्षांचा हा पंडित त्या विहारात राहून येईल त्याला बुद्धांचा उपदेश समजावून देई. चाळीतला कामगार, अस्पृश्य म्हणून हिणवला गेलेला मनुष्य तेथे यावा ही त्यांची इच्छा होती. दोनेक वर्षांनी त्यांनी तो विहार सोडला. भांडवलदाराच्या देणगीने बांधलेल्या जागेत समाजवादी विचारांच्या निर्भीड माणसाने फार काळ रमावे हे तसे अवघडच होते, असे माझे स्वतःचे मत आहे.

येथे एक प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणारच, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतरची काही वर्षे धर्मानंद मुंबईतच, दलित कामगारांच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर होते. तरीही ते गांधीजींच्या वर्तुळातच राहिले. आंबेडकरी चळवळीत आले नाहीत. ज्यांना बुद्ध हवा होता तो समाज समोर उभा होता, आणि ज्यांच्याकडे बुद्धाचे सर्वांत जास्त ज्ञान होते ते दुसऱ्या छावणीत होते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ही मोठी हानी वाटते. मात्र या कारणाने त्यांचे ग्रंथ बाजूला सारणाऱ्यांशी मी सहमत नाही.

कारण १९४०-४१ मध्ये आलेला 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ उघडून पाहावा. म्हातारा, रोगी आणि मृत मनुष्य पाहून सिद्धार्थाने रात्री गुपचूप घर सोडले ही कथा धर्मानंदांनी मूळ सूत्रांच्या आधारे नाकारली. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताकडे बोट दाखवून त्यांनी मांडले की शस्त्रे उगारून आपसात झगडणारी माणसे पाहून बोधिसत्त्वाला उद्वेग आला. आणि अरियपरियेसन सुत्ताच्या आधारे दाखविले की आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत त्याने गृहत्याग केला. शाक्य आणि कोलीय यांच्या कलहाचा धागा त्यांनी पुढे आपल्या 'बोधिसत्त्व' या नाटकातही घेतला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला संघर्ष आणि शाक्य संघातील युद्धाचा ठराव हे परिव्रज्येचे कारण मांडले, हे आपण दर वर्षी वर्षावासात वाचतो. चवदार तळ्याच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना पाण्याच्या तंट्यातून उभा राहिलेला हा बुद्ध अधिक जवळचा वाटला तर नवल नाही. दोघांमध्ये भेदही आहेत. धर्मानंदांनी चार आर्यसत्यांना बुद्धोपदेशाचा गाभा मानले. बाबासाहेबांनी त्यांच्या मूळ स्थानाविषयीच प्रश्न उपस्थित केला. असे भेद विद्यार्थ्यांपुढे उघडपणे ठेवावेत. 'भगवान बुद्धा'तील मांसाहारविषयक चर्चेने जैन समाजात मोठा क्षोभ झाला तरी धर्मानंदांनी पुराव्यापासून माघार घेतली नाही, हेही मुलांना सांगावे.

शेवटची वर्षे प्रकृतीच्या यातनांत गेली. शरीराचा उपयोग संपला, आता दुसऱ्यावर भार होऊन जगू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर उत्तरायुष्यात मोठा प्रभाव पडला होता; अन्नत्याग करून देह ठेवण्याचा निर्णय त्यातूनच आला. १९४६ मध्ये दोहरीघाट येथे आरंभलेले उपोषण गांधीजींच्या आग्रहाने त्यांनी थांबविले. पण पुढच्या वर्षी सेवाग्रामला त्यांनी अन्न सोडले ते पुन्हा घेतले नाही. सुमारे महिनाभराने, ४ जून १९४७ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. टोकाच्या देहदंडाला तथागतांनी उरुवेलेतच निरोप दिला होता, आणि हा शेवट मध्यम मार्गाशी जुळतो असे मला वाटत नाही. त्यांच्या निर्धाराविषयी आदर बाळगूनही एवढे म्हणावेसे वाटते.

त्यानंतरचा कालानुक्रम पाहण्यासारखा आहे. 'विसुद्धिमग्गा'ची त्यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती १९४० मध्येच भारतीय विद्या भवनाने काढली होती. हार्वर्डची आवृत्ती मात्र १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, वॉरन यांच्या नावासोबत त्यांचे नाव घेऊन बाहेर पडली. त्याच १९५० मध्ये महाबोधी सभेच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी लेख लिहून सांगितले की बौद्ध धम्माचा प्रसार व्हावयाचा तर सामान्य माणसाला हाताशी घेता येईल असा एक ग्रंथ हवा आणि भिक्षुसंघाने लोकांत मिसळून सेवा व शिक्षण करावयास हवे. ४ मे १९५५ रोजी भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो स्त्रीपुरुषांनी धम्मदीक्षा घेतली, आणि ज्या वर्गाची वाट पुस्तके पाहत होती तो वर्ग एका दिवसात भरला. पुढे महासभेने बौद्धाचार्य तयार केले, श्रामणेर शिबिरे घेतली, खेड्यापाड्यांत वर्षावासातील ग्रंथवाचन रुजविले. आपल्या तालुक्यातही हे काम करणारे कार्यकर्ते दिवसा गिरणीत किंवा शेतावर राबून रात्री कंदिलाच्या उजेडात वाचीत. बाबासाहेबांचा इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला आणि तो मराठीत येईपर्यंत नवदीक्षित मराठी कुटुंबांच्या हाती जी मोजकी पुस्तके होती, त्यांत केळूसकरांच्या चरित्राबरोबर धर्मानंदांची पुस्तके होती.

धर्मानंदांनी मराठीत केलेला सुत्तनिपाताचा अनुवाद त्यांच्या हयातीत ग्रंथरूपाने निघाला नव्हता. तो १९५५ मध्ये, नागपूरच्या दीक्षेच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाला. एका बाजूस मूळ पाली देवनागरीत आणि समोर साधे मराठी, अशी त्याची मांडणी आहे. वरच्या वर्गातील ज्या मुलांना पालीची गोडी लागते त्यांना मी प्रथम तेच पुस्तक वाचायला देतो.